मुलाचें बाजलें

मराठवाड्यांतील खेड्यांत मुलाचे पहिले दिवस आईच्या बाजेवर जात. बाजेखालीं शेकाची शेगडी असे. बाराव्या दिवशीं बारसें होऊन तें पाळण्यांत निजे, आणि पाळणा अपुरा पडूं लागला म्हणजे बाजलें, अर्थात् लहान बाज, त्याच्या वांट्यास येई. राजेरजवाड्यांच्या पलंगांचीं वर्णनें हवीं तितकीं मिळतात. बाजल्याकडे इतिहासकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. तथापि ज्या विद्येनें बाजलें घडे, तिनेंच घरहि उभें राही. आणि त्या विद्येची कठोर परीक्षा लातूर जिल्ह्यांत एका रात्रीं झाली.

बाजल्याचा सांगाडा म्हणजे चार खूर आणि चार गातीं. सुतार वाकसानें लांकूड तासी, पटाशीनें खुरांना भोंकें पाडी, गात्यांचीं टोकें त्या मापाचीं करी आणि ठोकून बसवी. मग सुंभ विणला जाई. विणीचा ताण सांध्यांना आवळून धरी. वीण सैल झाली कीं पायथ्याची दोरी ताणावयाची, एवढीच त्याची निगा. मुलासाठीं खूर आंखूड ठेवीत, म्हणजे झोपेंत पडलें तरी फारशी इजा होत नसे.

लांकूड मुलखाप्रमाणें असे. नांदेडकडे किनवटचें सागाचें रान जवळ. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. लातूरच्या माळावर रान विरळ, म्हणून तेथें बांधावरील बाभूळ व कडुनिंब यांवर भिस्त. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीचें सविस्तर वर्णन आहे. सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या ओळींतला. नांगर, तिफण यांच्या दुरुस्तीबद्दल त्याला सुगीला धान्य मिळे. या धान्यानें त्याला गांवाशीं जखडून ठेवलें हें खरें; पण त्यामुळेंच आपल्या कामाची जबाबदारीहि त्याला टाळतां येत नसे. डुगडुगणारें बाजलें रोज त्याच्या डोळ्यांपुढें असे.

खूर-गात्यांचें हेंच तत्त्व माळवदाच्या घरांत मोठ्या रूपानें दिसे. लांकडी खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या, वर मातीचा जाड थर. भोंवतीं दगडमातीच्या रुंद भिंती. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला, आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या. परंतु जेथें खांब-तुळयांचे सांधे शाबूत होते, तेथें भिंती पडूनहि सांगाडा कित्येक ठिकाणीं उभा राहिला, असें पाहणी करणाऱ्या स्थापत्यशास्त्रज्ञांस आढळून आलें. त्या छायेखालीं निजलेलीं मुलें वांचण्याचा संभव त्या सांध्यांवर अवलंबून होता.

पुनर्वसनांत ५२ गांवें नव्या जागीं वसलीं आणि सिमेंटचीं घरें आलीं. बलुतें त्यापूर्वींच मोडकळीस आलें होतें. बाजेची जागाहि बहुतेक घरांत लोखंडी व कारखानी पलंगांनीं घेतली. यांत खेद मानण्याचें कारण नाहीं. मात्र पलंग कोठूनहि येवो, मुलाला त्यावर निजविण्यापूर्वीं त्याचे चारहि सांधे एकदां हातानें हालवून पाहावे. एवढी सावधगिरी घरांतील वडील माणसांनीं सोडूं नये.