यिडिश : मायबोलीचे वारसदार

इ. स. १२७२ मध्ये लिहिलेले हिब्रू प्रार्थनांचे एक हस्तलिखित जर्मनीतील वर्म्स या गावाच्या नावाने ओळखले जाते. त्यातील एका हिब्रू शब्दाच्या भल्यामोठ्या अक्षरांच्या पोकळीत लेखनिकाने एक ओळ बारीक अक्षरांत लिहिली आहे. हा जड ग्रंथ प्रार्थनामंदिरात वाहून नेणाऱ्याचे ती शुभ चिंतिते. यिडिशचे कालनिश्चिती झालेले हे सर्वांत जुने वाक्य. पवित्र भाषेतून उरलेल्या जागेत राहायचे, हे या भाषेच्या नशिबी जणू तेव्हाच लिहिले गेले.

घडण मध्ययुगीन जर्मनची, लिपी हिब्रू, आणि पोलंड-लिथुआनियाकडे सरकताना अंगी लागलेले स्लाव्ह शब्द, असा हा संसार. आजी ही स्लाव्ह 'बोबे'. साधे पुस्तक ते जर्मन वळणाचे 'बुख', धर्मग्रंथ मात्र हिब्रू 'सेयफर'. या भाषेचे लाडके नाव 'मामे-लोशन', म्हणजे आईची भाषा. विद्वान तिला 'जार्गन' म्हणून हिणवीत. मेंडेले, शोलेम अलेखेम आणि पेरेत्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला आधुनिक साहित्य दिले. १९०८ च्या चेर्नोवित्स परिषदेने तिला ज्यूंची 'एक' राष्ट्रभाषा ठरविले. 'एकमेव' म्हणावे की नाही, यावर तेथे कडाक्याचा वाद झाला!

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे एक कोटी दहा लाख लोक यिडिश बोलत. नाझींनी त्यांतील जवळजवळ निम्मे मारले. १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत स्टालिनच्या राजवटीने मार्किश, बर्गेलसन आदी यिडिश लेखकांना गोळ्या घातल्या. इस्रायलने हिब्रू उचलून धरली; अमेरिकेत मुलांनी इंग्रजी आपलीशी केली. १९७८ साली सिंगर यांना नोबेल मिळाले, तेव्हा अनेकांना तो मृत्युलेखच वाटला.

भाषा मात्र मेली नाही. ब्रुकलिन, जेरुसलेम, अँटवर्प येथील हसिदी घरांत आज लहान मुले यिडिशमध्येच भांडतात. ही कुटुंबे मोठी, त्यामुळे बोलणारे वाढतच आहेत. पवित्र भाषा बाजारात वापरू नये आणि बाहेरचे जग घरात येऊ नये, म्हणून त्यांनी ती राखली, साहित्यासाठी नव्हे. पेरेत्झ वा सिंगर त्यांच्या घरांत सहसा वाचले जात नाहीत. ज्या कर्मठ जगातून हे लेखक बाहेर पडले, त्याच जगाने त्यांची भाषा जिवंत ठेवली, हे मला या इतिहासातले सर्वांत अवघड सत्य वाटते. १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये समाजवाद्यांनी काढलेल्या 'फोर्व्हर्ट्स'ची छापील आवृत्ती २०१९ मध्ये बंद झाली; आता ते केवळ संगणकाच्या पडद्यावर वाचता येते. ब्रुकलिनमधील हसिदी साप्ताहिके अजूनही कागदावर छापली जातात.