मंगळ, रात्रशाळा आणि उसाच्या कोप्या

२४ सप्टेंबर २०१४ रोजी इस्रोचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. सत्यशोधक समाज पुण्यात स्थापन झाला तोही २४ सप्टेंबरलाच, १८७३ साली. हा निव्वळ योगायोग. त्यात आम्ही शुभयोग शोधत नाही! पण पत्रिकेतल्या मंगळापायी मुलींची स्थळे नाकारणारा समाजच त्या दिवशी पेढे वाटत होता, हे विसरायचे कसे?

दिवसा राबणाऱ्यांना दिवसाची शाळा काय कामाची, हे ओळखून जोतिराव-सावित्रीमाईंनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली. राबणाऱ्याच्या वेळेला शाळा आली. शाळेबाहेरच्या शिक्षणाचा आपला इतिहास तिथून सुरू होतो.

बारामतीत जून २०२२ मध्ये मोठे विज्ञान केंद्र उघडले. चांगलेच झाले. आमचा प्रश्न त्याच्या दारापर्यंत कोण पोहोचते, हा आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातले भवानीनगर इथल्या कारखान्यांचे धुराडे दिवाळीच्या सुमारास पेटते. बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात; त्यांत दलित, वंजारी, बंजारा. पोरे फडात वाढे गोळा करतात, कोपीत धाकटी भावंडे सांभाळतात. शाळा मागे गावात राहिलेली.

आणि आकाश निरभ्र असण्याचे हेच महिने! कोपीच्या दारातून मृग नक्षत्र दिसते. शेजारच्या कारखान्यात चिपाड जाळून वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते. तापलेल्या वायूचा जोर कामाला लावण्याची हीच युक्ती अग्निबाणातही आहे. अभियांत्रिकीचा पहिला धडा कुंपणापलीकडेच चालू आहे.

संध्याकाळी एक दुर्बीण फडावर न्यायला दुचाकी पुरते.