विमानाचा रंग उतरवताना

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत होते, तेव्हाची गोष्ट. त्याच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचं स्वतःचं चार आसनांचं छोटं विमान आहे, सेसना १७२. विमान १९७३ सालचं, म्हणजे माझ्या लग्नाच्या वर्षीचं! त्याचा जुना रंग स्वतःच काढून नवा द्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मी इतिहास शिकवत असे हे कळल्यावर म्हणाले, "मग याच तुम्ही, विमानाचे थर दाखवतो."

हँगरमध्ये गेले तर विमानाच्या काचा, टायर, फटी सगळं कागद आणि चिकटपट्ट्यांनी झाकलेलं. रंग सोडवणारी दाट पेस्ट फासून ठेवायची आणि रंग फुगून वर आला की प्लास्टिकच्या पट्टीनं काढायचा. तारेचा काथ्या अजिबात चालत नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. लोखंडाचा कण त्यात रुतला की तिथूनच खराबी सुरू. वरचा पांढरा निघाला, खाली निळा दिसला, त्याखाली पुन्हा पांढरा. एके ठिकाणी रंगाखालून अळी फिरल्यासारख्या बारीक रेघा गेल्या होत्या. तो गंज. वरून काही कळलंच नसतं. आमचे वडील पोळ्याला बैलांची शिंगं आधी साळायचे आणि मगच रंगवायचे, त्याची आठवण झाली.

पण विमानाला रंग मुळात लागतो कशाला? शोभेला, असंच मी समजत होते.

राइट बंधूंचं विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालं, तेव्हा त्याच्या पंखांवर साधं सुती कापड होतं, बिनरंगाचं. पण असं कापड सैल पडतं आणि दमट हवेत लोंबतं. म्हणून पुढे त्यावर 'डोप' लावू लागले. हे सेल्युलोजपासून केलेलं द्रावण. वाळताना ते आक्रसतं आणि कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जातं. मग लक्षात आलं की उन्हानं तागाचं कापड कुजतं. म्हणून ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात गेरूसारखी माती आणि काजळी घातलेला मातकट हिरवा थर दिला. पुढे अॅल्युमिनियमची पूड आली, म्हणून त्या काळची पुष्कळ विमानं चंदेरी दिसतात. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमानही कापडानं मढवलेलंच होतं.

या डोपची दुसरी बाजू मला माहीतच नव्हती. युद्धाच्या घाईत लंडनजवळ हेंडनला विमानांचे कारखाने जोरात चालू होते. डोप नीट वाळावा म्हणून खोल्या बंद आणि उबदार ठेवत. त्यात विरघळवण्यासाठी टेट्राक्लोरोइथेन वापरलं जाई. १९१४ मध्ये तिथले कामगार आजारी पडू लागले. अशा कामावर बायकाही होत्या. आधी मळमळ, मग डोळे पिवळे, मग यकृत निकामी. काही दगावले. डॉ. विल्यम विलकॉक्स यांनी शोध घेतला, तेव्हा दोष त्या वाफेचा निघाला. १९१६ च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये या विषारी काविळीची खबर सरकारला देणं सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी विमानांसाठी ते रसायन वापरणं बंद करण्यात आलं.

मी तीस वर्षं पहिलं महायुद्ध शिकवलं. साराजेव्हो, खंदक, व्हर्सायचा तह, सगळं केलं. त्या खोल्यांबद्दल एक वाक्यही कधी बोलले नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

धातूची विमानं आली, डोप मागे पडला, पण वाफेनं पाठ सोडली नाही. रंग झटपट सोडवणाऱ्या मिथिलीन क्लोराइडनं बंद जागेत काम करणाऱ्यांचे बळी घेतले. २०१९ मध्ये अमेरिकेनं रंग काढण्यासाठी त्याची घरगुती ग्राहकांना होणारी विक्री बंद केली. शेजाऱ्यांची पेस्ट सौम्य, म्हणून वेळ फार. "यकृतापेक्षा शनिवार-रविवार गेलेले बरे," ते म्हणाले.

त्यांच्याकडून कायद्यातली एक गंमतही कळली. वैमानिक असलेल्या मालकाला आपल्या विमानाचं धड, पंख, शेपटी स्वतः रंगवता येते, फक्त कामाची नोंद वहीत करायची. पण वजनानं तोललेले हलते भाग यातून वगळले आहेत. पंखाच्या कडेला बिजागरीवर हलणारी झडप असते. बिजागरीच्या मागचं वजन वाढलं, अगदी रंगाचा जादा थर बसला, तरी ठरावीक वेगाला ती फडफडू लागते आणि काही क्षणांत पंखच मोडू शकतो. १९१६ मध्ये हँडली पेज बॉम्बरच्या शेपटीच्या अशाच भयंकर थरथरीचा अभ्यास लँचेस्टर या इंजिनिअरनं केला होता. झडपा वजनानं तोलण्याची युक्ती त्यानंतरच्या दशकातली. आमच्या शेजाऱ्यांनी ते भाग परवानाधारक मेकॅनिककडे दिले होते. रंग झाला की तो पुन्हा तोल तपासणार होता.

चिकटपट्ट्यांचंही तसंच. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूमध्ये एक मोठं प्रवासी विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातले सत्तरही जण गेले. विमान धुऊन पॉलिश करताना हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर लावलेली पट्टी काढायची राहून गेली होती. रात्रीच्या अंधारात उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसत राहिले.

म्हणून शेजाऱ्यांनी झाकलेल्या प्रत्येक जागेची यादी केली होती. पट्ट्या काढायच्या दिवशी ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक जागा पुकारायची, त्यांनी पट्टी काढून 'हो' म्हणायचं. कितीतरी वर्षांनी हजेरी घेतली!

विमान उडायच्या आधीच मी परतले. मग त्यांनी फोटो पाठवला. मधला निळा रंग गेला होता, विमान पुन्हा पांढरं.

आता नववीच्या वर्गावर पुन्हा जायला मिळालं, तर पहिल्या महायुद्धातला एक तास हेंडनच्या त्या खोलीला देईन म्हणते.