घरच्या सिनेमाची पेटी

चहाची पुडी, साबणाची वडी, बियाण्याची पिशवी यांची वेष्टने आपण रोज पाहतो. पण सिनेमालाही वेष्टन लागते म्हटले तर थोडे नवल वाटेल. सिनेमा म्हणजे काही गूळ नव्हे, की कागदात बांधून घरी आणावा. तरीसुद्धा एक काळ असा आला, की सिनेमा खरोखरच पेटीत घालून विकला जाऊ लागला. त्या पेटीची गोष्ट मी आज सांगणार आहे. ती ऐकताना एक खूण मनात ठेवा. पेटी नीट पाहिली, की ती कोणत्या गिऱ्हाइकासाठी केली आहे, हे तिच्यावरूनच कळते.

१९७५ साली जपानमध्ये सोनी कंपनीने बेटामॅक्स हे यंत्र काढले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणले. या यंत्रांमुळे चुंबकीय फितीवरचे चित्र घरच्या टेलिव्हिजनवर दिसू लागले. १९७७ मध्ये अमेरिकेतील आंद्रे ब्ले या गृहस्थांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीकडून ५० चित्रपटांचे हक्क मिळवले आणि त्यांच्या कॅसेटी विकायला काढल्या. एका कॅसेटीची किंमत सुमारे ५० डॉलर! एवढे पैसे मोजणार कोण? म्हणून लोक त्या भाड्याने नेऊ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिसला जॉर्ज ॲटकिन्सन यांनी कॅसेटी भाड्याने देण्याचे दुकान उघडले, आणि पाहता पाहता अशी दुकाने जागोजाग झाली.

आता या दुकानाची रीत पाहा. अनेक ठिकाणी फळीवर नुसती रिकामी पेटी मांडलेली असे आणि कॅसेट दुकानदारापाशी. गिऱ्हाइकाने चित्रपट पाहिलेला नाही, त्याचे नावही ऐकलेले नाही. मग निवड करायची कशावरून? पेटीवरच्या चित्रावरून! मोठ्या कंपन्यांपाशी जाहिरातीला पैसा होता. छोट्या निर्मात्याची सगळी भिस्त त्या पुठ्ठ्याच्या पेटीवर. मग काय काय युक्त्या निघाल्या! ‘द डेड पिट’ या १९८९ सालच्या भुताच्या चित्रपटाच्या पेटीवर कळ दाबली, की चित्रातले डोळे लुकलुकत. ‘फ्रँकेनहूकर’ या चित्रपटाची पेटी तर कळ दाबली की बोलत असे. जत्रेतला दुकानदार जसा ओरडून माणसे गोळा करतो, तशीच ही पेटी.

पण ओरडणाऱ्याला भान राहिले नाही, की काय होते, तेही या इतिहासात घडले. १९८२ साली इंग्लंडमध्ये ‘द ड्रिलर किलर’ या चित्रपटाच्या कॅसेटीची जाहिरात झाली. वेष्टनावर माणसाच्या कपाळात गिरमिट घुसत असल्याचे चित्र होते. लोक खवळले, तक्रारी गेल्या, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला. अशा अनेक कॅसेटींवरून वाद पेटला आणि १९८४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला. चित्रपट तपासून घ्यायचा आणि कोणत्या वयाच्या माणसाने तो पाहावा, याची खूण पेटीवर छापायची. त्या वादात चित्रपट स्वतः न पाहता, नुसत्या पेटीवरून मत देणारेही पुष्कळ होते. म्हणजे पेटीने फसवले तेही खरे, आणि पेटीवरून न्याय केला तेही खरे.

याच काळात दुसरे गिऱ्हाईक पुढे आले. ते म्हणजे मुलाबाळांचे घर. मुले तोच चित्रपट शंभरदा पाहतात, तेव्हा तो भाड्याने कशाला आणायचा? वॉल्ट डिस्ने कंपनीने आपले जुने बोलपट घरच्यासाठी काढायला सुरुवात केली. त्यांची पेटी मऊ, जाड प्लॅस्टिकची, पुस्तकासारखी उघडणारी. मुलाच्या हातून पडली तरी आतली कॅसेट सुखरूप. सिनेमा आता दुकानाच्या फळीवरून घरच्या कपाटात आला.

मग आली डीव्हीडी, जपानात १९९६ आणि अमेरिकेत १९९७ साली. ही तबकडी फक्त १२ सेंटिमीटर व्यासाची, पण तिची पेटी १९ सेंटिमीटर उंच! इतकी जागा मोकळी कशाला? कारण दुकानांतल्या फळ्या जुन्या कॅसेटींच्या मापाच्या होत्या. नवी वस्तू आली तरी जुने माप लवकर सुटत नाही, ते असे.

तिसरे गिऱ्हाईक अभ्यासूंचे. अमेरिकेतील क्रायटेरियन ही संस्था १९८४ पासून नामांकित चित्रपट जाणकारांची माहिती जोडून प्रसिद्ध करीत आली आहे. सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांच्या मूळ प्रतींना १९९३ साली लंडनमध्ये आग लागली. जळक्या फितीतून जे वाचले, ते मोठ्या कष्टाने दुरुस्त झाले आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट एका संचात, सोबत लेखांची पुस्तिका घालून, निघाले. अशी पेटी म्हणजे लहानशी ग्रंथपेटीच.

आणि चौथे गिऱ्हाईक आपल्या देशातले, खिशात मोजकेच पैसे असणारे. २००७ साली मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरट्या तबकडीपेक्षा खरी तबकडी परवडावी, हा हेतू. इथे झगमगाट कामाचा नव्हता. वेष्टनात वाचवलेला पैसा गिऱ्हाइकाच्या पदरात पडायचा. ही कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा हुकूम झाला. पण साधेपणा हीसुद्धा एक कल्पकताच, एवढे तिने दाखवले.

२०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएसची यंत्रे करणे थांबवले. आज बहुतेकांचा सिनेमा मोबाइलवर येतो, पेटीवाचून. पण पेटी खरोखर गेली का? मोबाइलवर बोट लावण्याआधी एक छोटे चित्र दिसते ना, तीच ती जुनी पेटी! ती अजून ओरडते, अजून भुलवते.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे. वर्गात मुलांना एखादे जुने वेष्टन आणायला सांगा, बियाण्याच्या पिशवीचे असो की सिनेमाचे, आणि तीन प्रश्न विचारा. हे कोणासाठी केले आहे? यावर काय कबूल केले आहे? आणि आत ते खरोखर आहे का? हे तीन प्रश्न ज्या मुलाच्या अंगवळणी पडले, त्याला बाजारात फसवणे सोपे नाही.