गप्प बसण्याचे पैसे

१९३१ साली हॉलिवूडमध्ये 'द फिंगर पॉइंट्स' नावाचा सिनेमा निघाला. टोळीवाल्यांकडून पैसे घेऊन बातम्या दाबणारा वार्ताहर हा त्याचा नायक. मागे खरी घटना होती. 'शिकागो ट्रिब्यून'च्या जेक लिंगलला १९३० मध्ये भरदिवसा गोळी घातली गेली आणि मेल्यावर त्याचे गुंडांशी असलेले व्यवहार उजेडात आले. कोकण किनाऱ्यावरच्या आम्हा श्रीवर्धनकरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

'लँडिंग' हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक होता. दुबईकडून आलेला चोरटा माल खोल समुद्रात मचव्यांवर घ्यायचा आणि अंधारात खाडीत आणायचा. सोन्याचं बिस्कीट दहा तोळ्यांचं, म्हणजे ११६ ग्रॅमच्या वर. अशी बिस्किटं कापडी जाकिटाच्या कप्प्यांत शिवलेली असत. ते जाकीट घालून पाण्यात पडलेला माणूस वर येत नाही, असं आमचे कोळी शेजारी सांगायचे. पेटीत काय आहे हे विचारायचं नाही, ही या धंद्याची पहिली अट. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पुढे आयातही मोकळी होत गेली आणि सोन्यातली कमाई आटली. पण वाटा, माणसं आणि हप्ते जागच्या जागी राहिले.

त्याच वाटांनी जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. दिघीच्या मालाच्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या, आणि पैसे ठरवून सोडल्या. १२ मार्चला मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. पुढे टाडा न्यायालयाने पोलीस आणि कस्टमच्या लोकांनाही दोषी ठरवलं. वर्षानुवर्षं चांदी-सोन्याकडे डोळेझाक करायची सवय लागलेल्या हातांनी तीच सवय स्फोटकांनाही लावली. याचा संताप मला अजून आवरत नाही.

पत्रकार हुसेन झैदी यांच्या याच स्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे' पुस्तकावर अनुराग कश्यपने सिनेमा केला, तोही 'मिड-डे' या वृत्तपत्रसमूहाच्या पैशातून. न्यायालयीन स्थगितीमुळे तो भारतात लागला थेट फेब्रुवारी २००७ मध्ये. सिनेमा धाडसाचा आहे, मी तो पुन्हा पुन्हा पाहतो. पण त्याचा जीव मुंबईत अडकलेला आहे. किनारा येतो तेवढ्यापुरता. आमच्या बाजूने पेट्या वाहणारे, मचवे हाकणारे बरेच जण आता म्हातारे झालेत. त्यांच्याकडून हे सगळं नीट लिहून घ्यायला हवं, आणि ते श्रीवर्धन-म्हसळ्यातल्याच कुणीतरी करायला हवं.