गॉर्गिअसचा वैद्य भाऊ
१२. गॉर्गिअस हा सिसिलीतील लिओंतिनी नगराचा वक्ता, इ.स.पू. ४२७ मध्ये तो राजदूत म्हणून अथेन्सला आला. प्लेटोच्या ‘गॉर्गिअस’ संवादात तो अभिमानाने सांगतो, की वैद्य असलेल्या भावाला दाद न देणारे रोगी आपल्या शब्दांमुळे औषध घेत. येथे मन वळवणे रोग्याच्या हिताचेच होते, हे विसरू नये. सॉक्रेटिसचा आक्षेप वेगळाच : वैद्यक न जाणणारा वक्ता अजाण जमावाला वैद्यापेक्षा अधिक पटतो. शिष्याने वक्तृत्वकलेचा गैरवापर केला तर गुरूला दोष देऊ नये, हा गॉर्गिअसचा बचाव. पण न्याय-अन्यायही आपण शिकवू असे तो कबूल करतो आणि तिथेच अडकतो : न्याय शिकलेला शिष्य गैरवापर करीलच कसा? पुढे ॲरिस्टॉटलने उत्तर दिले, की सद्गुण वगळता प्रत्येक चांगल्या गोष्टीचा दुरुपयोग संभवतो. हे खरेच, परंतु त्याने सॉक्रेटिसचा आक्षेप मिटत नाही, असे आमचे मत आहे. — संपा.