आघात, आठवण आणि शिकवणारे हात

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणारा म्हातारा मानसोपचाराच्या इतिहासावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात असेलच. पण आठवण हा आमचाही जुना विषय आहे. न्यायदर्शनाच्या मते अनुभव संपतो, मागे संस्कार उरतो आणि त्यातून स्मृती उपजते. म्हणजे स्मृती ही झाल्या-गेल्या गोष्टीची. आघात झालेल्या पोराचं नेमकं इथं बिघडतं. त्याच्या लेखी ते झालेलं नसतं, ते अजून होतच असतं.

हे मला उशिरा कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. विद्यार्थ्यांना घेऊन मीही तिकडं गेलो होतो. तंबूत मुलं गोळा केली आणि म्हटलं, त्या रात्री काय पाहिलं ते एकेकानं उठून सांगा. बोललं की मन मोकळं होतं, अशी माझी समजूत. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा राहिला, दोन वाक्यं बोलला आणि थरथरायला लागला. पुढचे तीन दिवस तो आमच्या तंबूकडं फिरकला नाही. हेतू चांगला होता हो, पण ज्ञान नव्हतं. अशा प्रसंगानंतर लगेच बसवून सगळं वदवून घेऊ नये, हे आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता ईएमडीआरकडं येतो. फ्रान्सिन शपिरो ही मूळची इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. कर्करोगातून उठल्यावर मानसशास्त्राकडं वळली. १९८७ साली एका बागेत फिरताना तिच्या लक्षात आलं, की डोळे इकडून तिकडं फिरत असताना त्रासदायक विचारांची धार बोथट होते. १९८९ मध्ये तिनं पहिला अभ्यास छापला. उपचारात रुग्ण ती आठवण मनात धरतो, उपचारक बोटं डावी-उजवीकडं हलवतो, रुग्ण नजरेनं त्यांचा माग घेतो. मधेमधे त्रास शून्य ते दहा यांत किती, ते विचारलं जातं. ऐकायला हे अंगारा-धुपाऱ्यासारखं वाटतं, आणि विद्वानांनी तशी टीकाही केली. डोळ्यांची हालचाल खरोखर लागते का, हा वाद पुरता मिटलेला नाही. मात्र २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आघातोत्तर ताणविकारासाठी, मुलांसकट, या पद्धतीची शिफारस केली.

मला रस आहे तो हे शिकवायचं कसं यात. सुरुवातीची काही वर्षं अट अशी होती, की जे शिकले त्यांनी ते दुसऱ्यांना शिकवायचं नाही. गुरूनं विद्या राखून ठेवावी तसं! लोक चिडले. १९९५ मध्ये तिचं पुस्तक आलं, तेव्हा ती गाठ सुटली. त्याच वर्षी ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट झाला आणि आपत्तीच्या ठिकाणी जाऊन स्थानिक उपचारकांना शिकवणारा उपक्रम उभा राहिला. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हे प्रशिक्षण भारतात आलं. पुढं मुंबईच्या डॉ. सुषमा मेहरोत्रा यांच्यासारख्यांनी ते इथं रुजवलं.

मेक्सिकोत १९९७ च्या चक्रीवादळानंतर लुसिना आर्तिगास यांनी मुलांसाठी एक सोपी रीत बसवली. हात छातीवर आडवे ठेवायचे आणि फुलपाखराच्या पंखांसारखे आळीपाळीनं थोपटायचे. चित्रं काढता काढता पन्नास पोरं एकदम हे करू शकतात.

मग धारणीत हे कोण करणार? परतवाड्याहून घाट चढून इथं यायलाच अर्धा दिवस जातो. प्रशिक्षणाला मानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी लागते, आणि ती अट मला योग्यच वाटते. अर्धवट शिकलेल्यानं जखम उघडली तर मिटवणार कोण? किल्लारीत मी तेच केलं होतं. दुसरीकडं आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पानं गावातल्याच माणसांना हाताशी धरून नैराश्यावर काम केलं. उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आशाताईनं, अंगणवाडीच्या बाईनं ओळखायचं, धीर द्यायचा, खोदून विचारायचं नाही आणि योग्य माणसाकडं पोचवायचं. हा अर्धा भाग आजही शिकवता येईल.

उरलेल्या अर्ध्यात भाषा आडवी येते. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. पण या पद्धतीत मुलानं घडलेलं सगळं तोंडानं सांगायलाच पाहिजे, असं नाही. अमेरिकेत जोन लव्हेट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी लहानग्यांसाठी वेगळी वाट काढली. मुलाची गोष्ट आईबापानंच सांगायची, सुरुवात सुखाची, मधे तो प्रसंग, शेवटी ‘आता तू सुखरूप आहेस’. ती ऐकताना उपचारक मुलाच्या हातांवर आळीपाळीनं थोपटतो. धारणीच्या पाड्यावर ही गोष्ट आई कोरकूतच सांगणार. अमरावतीहून आलेल्या उपचारकाला निदान एवढी कोरकू यावी, की कोणत्या शब्दाला पोराचं अंग आखडलं, ते त्याला कळेल.